‘बाळाला जंतूंची सवय लागू द्या’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

घरात बाळ आलं की पाळण्याच्या आधी व्हॉट्सॲपवरचे सल्ले येऊन पोहोचतात. सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरणारा हा एक: ‘बाळाला घेण्याआधी हात धुवायला लावणं हे परदेशी खूळ आहे. जंतूंनी प्रतिकारशक्ती वाढते, हे शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय. आपल्या आज्यांनी कुठे हात धुतले? आईचं दूध चालू असेल तर बाळाला काही होत नाही. फारच भीती वाटत असेल तर दाराशी सॅनिटायझर ठेवा.’

शास्त्रज्ञांपासूनच सुरुवात करू. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाला दिसलं, की मोठी भावंडं जास्त असलेल्या मुलांना परागकणांच्या ॲलर्जीची सर्दी कमी होते. भावंडांकडून लागणाऱ्या आजारांमुळे असं होत असावं, हा त्यांचा तर्क. हात धुणारे आणि न धुणारे अशी तुलना त्यात नव्हतीच. पुढे ग्रॅहम रूक या ब्रिटिश सूक्ष्मजीवतज्ज्ञांनी ही कल्पना बदलून मांडली: प्रतिकारशक्तीला वळण लावतात ते माती, जनावरं आणि माणसाचं आतडं यांतले जुने, निरुपद्रवी सोबती. डांग्या खोकला आणि जुलाब लावणारा रोटाव्हायरस त्या यादीत नाहीत. त्यांच्याकडे शिकवणी लावली तर फी इस्पितळात भरावी लागते. डांग्या खोकल्याची लस सहाव्या आठवड्यात सुरू होते. तोवर बाळाला जपायचं ते आसपासच्या माणसांनीच.

आणि पुणेकरांनी तरी ‘जंतूंनी प्रतिकारशक्ती वाढते’ हे वाक्य पुढे पाठवू नये. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गियां-बारे या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे रुग्ण एकामागोमाग सापडले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू मिळाला, काहींत उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस. गियां-बारेमध्ये संसर्गानंतर प्रतिकारशक्ती चेतते खरी, पण ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. (तिथे संशय पाण्यावर होता. नुसते हात धुऊन ती साथ थांबली असती, असं म्हणणं नाही.)

हात धुतल्याने काय होतं, हे मोजलेलं आहे आणि तेही आपल्यासारख्याच गजबजलेल्या शहरात, कराचीच्या वस्त्यांत. २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात काही घरांना साबण देऊन हात धुण्याचा सतत पाठपुरावा केला. तिथे पाच वर्षांखालच्या मुलांतला न्यूमोनिया इतर घरांच्या निम्मा निघाला आणि पंधरा वर्षांखालच्यांचे जुलाबही निम्म्याहून थोडे कमी. साध्या साबणात आणि जंतुनाशक साबणात फरक दिसला नाही, तेव्हा महागडी बाटली आणायचं कारण नाही.

आता आज्या. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसाआधीच जात; २०२० मध्ये हा आकडा २८ होता. लसी, ओआरएस, दवाखान्यातली बाळंतपणं, सगळ्यांचाच त्यात वाटा आहे, एकट्या साबणाचा नाही. पण ‘आमची आठही काही न करता वाढली’ हे ज्या घरांत वाढली तिथेच ऐकायला मिळतं. शिवाय आजी काहीच करत नव्हती, हेही खरं नाही. बाळंतिणीची खोली वेगळी असे, सोयर पाळत, बाहेरून आलेल्याला आधी पाय धुवायला लावत. कारणं शिवाशिवीची होती आणि ती गेली ते बरंच झालं. पण बाळाभोवतीची गर्दी त्यामुळे आपोआप कमी राही. आज बारशाला हॉल भरतो आणि बाळ आत्याकडून मामीकडे, मामीकडून वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे फिरतं. त्यातल्या निम्म्या जणी नुकत्याच नाक पुसून आलेल्या असतात.

आईच्या दुधातून संरक्षण मिळतं, वादच नाही. पण बाळगुटीची सहाण, वाटी-चमचा आणि मधाचं बोट त्या दुधाला वळसा घालून थेट तोंडात जातात. सहा महिने दुधाशिवाय काही नको आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच नको. मधातून बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी जंतूंची विषबाधा, होऊ शकतो.

सॅनिटायझर बसमध्ये, रिक्षात ठीक. तेलकट किंवा मळलेल्या हातांवर ते नीट चालत नाही आणि नोरोव्हायरसवर त्याची मात्रा फारशी लागू पडत नाही. डायपर बदलल्यावर साबण आणि पाणीच हवं.

फॉरवर्डमध्ये नसलेली, पण पुण्यातल्या घरांत हटकून आढळणारी एक गोष्ट: बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशी. सकाळी तीन-चार घरं करून त्या येतात, हातात बांगड्या, बोटांत अंगठ्या. आल्या आल्या ‘मावशी, आधी हात धुता का’ म्हणून साबण आणि स्वच्छ पंचा पुढे केला तर बहुतेक जणी रागावत नाहीत. अंगठ्या काढून, नखं आणि बोटांच्या बेचक्या घासून वीस सेकंद धुवायचं आणि हात कोरडे करायचे. हाच नियम ऑफिसातून येऊन थेट पाळण्याकडे धावणाऱ्या बाबालाही लागू. मावशींना सांगणं सोपं जातं, त्याला सांगायचं राहून जातं.

बाळाची खेळणी रोज डेटॉलमध्ये बुडवणं, फरशी तीनदा पुसणं यातलं काही लागत नाही. रांगतं मूल अंगणातल्या मातीत बसलं तर बसू द्या. खायला बसवण्याआधी मात्र त्याचेही हात धुवा.