सरासरी डेसिबलने झोप लागत नाही
पवनचक्कीच्या आवाजाने आजार होतो हा 'निव्वळ मनाचा खेळ', असं मी वाचलेल्या एका लेखात एकाच वाक्यात उडवून लावलंय. अर्धं पटलं, अर्धं नाही.

पटलं ते इन्फ्रासाउंडपुरतं. कानाला ऐकू न येणाऱ्या लहरींनी चक्कर, मळमळ होते म्हणतात, पण 2023 साली ऑस्ट्रेलियात आवाजाला संवेदनशील अशा 37 जणांना प्रयोगशाळेत सलग 72 तास त्या लहरींत ठेवलं. झोपेवर किंवा तब्येतीवर काही फरक दिसला नाही. तो मुद्दा मिटला म्हणायला हरकत नाही.

पण ऐकू येणाऱ्या आवाजाचं काय? चक्की मिनिटाला 15 फेऱ्या मारत असेल तर तीन पात्यांचे मिळून 45 'सप्प-सप्प' होतात. रात्री जमिनीलगत वारा पडतो, पानही हलत नाही, वर मात्र पाती जोरात फिरत असतात. आवाज झाकायला दुसरं काहीच नसतं. नळ टपकत असला की आपण पुढच्या थेंबाची वाट बघत पडून राहतो ना, तसंच. मापनयंत्र सरासरी सांगतं, ही लय सांगत नाही.

कॅनडाच्या आरोग्य खात्याने 1,238 घरांची पाहणी केली. आजाराशी संबंध सापडला नाही, पण आवाज वाढला तसा लोकांचा वैताग वाढलेला दिसला. लेखकाने पहिलं तेवढं घेतलं, दुसरं गाळलं!

आणि हो, चक्कीच्या जागेचं भाडं ज्याला मिळतं त्याला ती कमी खुपते, हेही अभ्यासांत दिसलंय. मग शेजाऱ्यालाही वाटा द्या की.