मनोरा काही सेकंदांत पडला, इंधन अजून नदीकाठीच आहे

फ्रेंच अणुभट्ट्यांचा जैतापूर प्रकल्प जिथे व्हायचा आहे, त्या राजापूर तालुक्यातल्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ पुन्हा फिरायला लागलाय. नदीकाठचा काँक्रीटचा प्रचंड मनोरा, बुडाशी स्फोटांची रांग, आणि बघता बघता सगळा डोलारा धुळीत. वर मजकूर: 'अमेरिकेने स्वतःचा अणुप्रकल्प उडवला आणि तोच आपल्या गळ्यात मारतायत.' खाली लगेच दुसरा गट हजर: 'तुम्हाला कोकणचा विकासच नको.' पुढे काय होतं ते सांगायला नको. मुंबईकर भांडतात, गाववाले हाताची घडी घालून बघतात, ॲडमिन गुड मॉर्निंगचं फूल टाकतो.

मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. अणुशास्त्रज्ञ नाही, पण बॉयलर, टर्बाइन आणि कंडेन्सर यांच्या सोबतीत उमेदीची वर्षं गेली. म्हणून हा व्हिडिओ नेमका कशाचा आहे ते आधी सांगतो.

तो आहे ट्रोजन अणुप्रकल्पाचा, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी. तारीख २१ मे २००६. जे पडलं ती अणुभट्टी नव्हे. तो पाणी थंड करायचा मनोरा होता, सुमारे १५० मीटर उंच, आतून पोकळ. त्यात किरणोत्सर्ग नसतोच. अणुभट्टीचं पात्र तर त्याच्या सात वर्षं आधी, १९९९ मध्येच तिथून हललं होतं. हजार टनांच्या वरचं ते धूड आतून काँक्रीटने भरलं, वरून निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, बार्जवर चढवलं आणि त्याच नदीतून वर हॅनफर्डला, अणुकचऱ्याच्या जागी, नेऊन जमिनीत खोल पुरलं. त्याआधी १९९५ मध्ये स्टीम जनरेटर, म्हणजे अणुभट्टीच्या उष्णतेवर वाफ करणारी यंत्रं, असेच गेले होते. खरं काम हे. ते पाहायला गर्दी जमत नाही आणि त्याचे व्हिडिओ फॉरवर्डही होत नाहीत.

प्रकल्प बंद का पडला हेही मजेशीर आहे. १९७६ ला सुरू झाला, परवाना ३५ वर्षांचा. चळवळवाल्यांनी तो बंद करावा म्हणून तीनदा सार्वमत घडवून आणलं, १९८६, १९९० आणि १९९२ ला. तिन्ही वेळा लोकांनी 'चालू द्या' म्हटलं. शेवटच्या मतदानाला आठवडा होतो न होतो तोच स्टीम जनरेटरच्या नळीला गळती लागली. नळ्यांना तडे जाण्याचं दुखणं जुनंच होतं. नवे जनरेटर बसवायचे तर खर्च परवडेना, म्हणून जानेवारी १९९३ मध्ये कंपनीनेच कुलूप लावलं. ठरलेल्या आयुष्याचं अर्धंही भरलं नाही. मोर्चाने जे झालं नाही ते नळीने केलं! आमच्या धंद्यातल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. यंत्रं घोषणांनी बंद पडत नाहीत आणि भाषणांनी चालतही नाहीत.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते.

ट्रोजनची मालक कंपनी होती पोर्टलँड जनरल इलेक्ट्रिक. ही कंपनी १९९७ मध्ये एन्रॉनने विकत घेतली. होय, तीच एन्रॉन, गुहागरजवळच्या अंजनवेलची. म्हणजे कोलंबियाच्या काठी ती अणुभट्टी बार्जवर चढत होती, त्याच १९९९ साली, त्याच मालकाचा दाभोळ वीजप्रकल्प इथे अंजनवेलला, वाशिष्ठीच्या मुखाशी पहिली वीज तयार करत होता. दोन वर्षांत, २००१ च्या मे अखेरीस, दाभोळ बंद. डिसेंबरमध्ये एन्रॉनचं दिवाळं. गुहागरात तेव्हा कोणी भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या, कोणी कर्ज काढून जीपगाड्या घेतल्या होत्या. पुढची काही वर्षं चिमण्या, टाक्या, जेटी, सगळं जागच्या जागी आणि वारस कोण ते कोर्टात. मग सरकारी कंपन्यांनी मिळून २००५ मध्ये नवी कंपनी काढली आणि २००६ ला कुठे यंत्रं पुन्हा फिरली. म्हणजे निस्तरलं कोणी? आपणच.

आणि तिकडे? मालक बुडाला तरी ट्रोजन उतरवायचं, म्हणजे मोडून जागा साफ करायचं, काम थांबलं नाही. २००५ मध्ये जागा तपासून अणुभट्टीचा परवाना रीतसर संपवला, पुढच्या वर्षी मनोरा पाडला.

एन्रॉन तिकडे सज्जन आणि इकडे लबाड होती असं थोडंच आहे! तिकडे नियम असा की प्रकल्प उतरवायचा पैसा आधीपासून बाजूला काढायचा आणि तो कंपनीच्या हाताबाहेर, वेगळ्या ट्रस्टमध्ये ठेवायचा. मालकाचे हात तिथवर पोचतच नाहीत. तो पैसा ग्राहकांच्याच बिलातून गोळा झाला, हेही खरं. बंद पडलेल्या प्रकल्पात अडकलेल्या भांडवलावर कंपनीला ग्राहकांकडून नफा घेता येणार नाही, असा निकाल तिथल्या कोर्टाने १९९८ मध्ये दिला आणि त्यावरून पुढे वर्षानुवर्षं भांडणं चालली. तेही काही रामराज्य नाही. पण भांडायला निदान कागद होता.

आपल्याकडे मोडणीसाठी युनिटमागे दोन पैसे बाजूला काढायची पद्धत आहे. दोन पैसे! जैतापूरला तोच दर लागला तर काय होईल ते कागदावर मांडून पाहा. १६५० मेगावॉटची एक अणुभट्टी ८० टक्के क्षमतेने चालली तर वर्षाला साधारण ११५६ कोटी युनिट. दोन पैशांनी झाले २३ कोटी रुपये. साठ वर्षं चालली तर व्याज सोडून चौदाशे कोटींच्या आत. ट्रोजन ११३० मेगावॉटचा होता आणि तो उतरवायच्या खर्चाचा अंदाज ४० कोटी डॉलरच्या वर होता, तोही त्या काळच्या डॉलरमध्ये. आजच्या दराने रुपये तुम्हीच करा. व्याज धरून कदाचित भागेलही. पण ट्रोजनसारखी सोळाव्या वर्षीच नळी गळली तर? व्याज चढायला वर्षं कुठून आणायची?

दुसरी गोष्ट इंधनाची. मनोरा पडला, इमारती गेल्या, तळ्याकाठी लोकांसाठी बाग आहे. आणि त्याच आवारात काँक्रीटची चौतीस पिंपं उभी आहेत, आत वापरलेलं इंधन, बाहेर पहारा. २००३ पर्यंत सगळं इंधन त्यांत भरून झालं. नेवाड्यातल्या डोंगरात ते कायमचं पुरायची योजना होती, ती राजकारणात अडकली. वीज बंद होऊन तीस वर्षं उलटली, पहारा चालूच.

आपलं धोरण वेगळं आहे हे मला माहीत आहे. आपण वापरलेल्या इंधनाला कचरा म्हणत नाही, त्यावर प्रक्रिया करून पुन्हा वापरतो. धोरण म्हणून मला ते पटतं. पण तारापूरही कोकणातच येतं, विसरू नका. १९६९ पासूनच्या तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांमधलं अमेरिकी इंधन, त्यावर प्रक्रियेला अमेरिकेची संमती नाही म्हणून, दशकानुदशकं तिथेच साठवून ठेवावं लागलं. उद्या जैतापूरला परदेशी इंधन आलं तर त्याचं काय, हे करारात ठरणार. करार दिल्लीत आणि पॅरिसला होणार. प्रकल्पाच्या जागेवरच्या माडबन, मिठगवाण्याच्या ग्रामपंचायतीत त्याची प्रत येणार का?

बंद पडलेल्या अणुभट्टीचा घरचा अनुभवही आपल्याला आहे. राजस्थानात चंबळेवर, राणा प्रताप सागरच्या काठी, रावतभाट्याचं पहिलं युनिट २००४ पासून बंद आहे. इतक्या वर्षांत एखादा व्यापारी अणुप्रकल्प मुळापासून उतरवून जमीन मोकळी केल्याचं उदाहरण मात्र आपल्याकडे नाही. ते काम आपल्याला येणारच नाही असं मी म्हणत नाही. बांधायला शिकलेली माणसं मोडायलाही शिकतील. पण पहिला धडा कोणाच्या सड्यावर गिरवायचा ते तरी सांगा.

साखरीनाट्याच्या बंदरावर एका वयस्कर तांडेलांनी मला विचारलं होतं, "साहेब, जमीनवाल्यांना हेक्टरी साडेबावीस लाख लावले. आमचा दर्या तर सातबाऱ्यावर नाही. प्रकल्प बंद झाल्यावर तो आम्हाला परत मिळणार काय?" मी बराच वेळ गप्प होतो. ट्रोजनने मनोरा बांधला तो गरम पाणी थेट नदीत जाऊ नये म्हणून. जैतापूरला समुद्राचंच पाणी घ्यायचं आणि गरम करून समुद्रातच सोडायचं. म्हणजे आपल्याकडे पाडायला मनोराही नसेल, नाट्याच्या लोकांना पाहायला व्हिडिओही नसेल. मासळी सरकली तर ती परत कधी येते, हे कुठल्या मोडणी-आराखड्यात लिहिलंय?

गेली पंधरा वर्षं आपण एकाच प्रश्नावर भांडतोय, हवा की नको. १८ एप्रिल २०११ ला त्यावरून पोलिसांचा गोळीबार झाला, नाट्याचा एक तरुण पोरगा गेला. त्यानंतर या विषयावर शांतपणे बोलणं अवघड झालं आणि त्याचा दोष मी गावकऱ्यांना देणार नाही. पण समर्थकांना 'बंद पडल्यावर' हा शब्दच अपशकुनी वाटतो, आणि विरोधकांना वाटतं की तो प्रश्न काढला म्हणजे प्रकल्प मान्य केला. या दोघांच्या मध्ये, मोडायचा खर्च कोण देणार हा साधा हिशेब कोणीच मागत नाही. मला वीज हवी आहे, अणुवीजही चालेल. मात्र बांधायच्या करारासोबत मोडायचाही करार त्याच दिवशी, मराठीत, ग्रामसभेपुढे आला पाहिजे. पैसा कोणत्या खात्यात, खातं कोणाच्या ताब्यात, लवकर बंद पडला तर उरलेली रक्कम कोण भरणार, इंधन कुठे आणि किती वर्षं, मच्छीमाराला काय.

या मुद्द्यांचा ग्रामसभेच्या ठरावासाठी मसुदा करायला घेतलाय. पंचायतीच्या कामाची किंवा कायद्याची माहिती असलेल्यांनी मेसेज करावा. दाभोळच्या वेळी गुहागरकडे ग्रामपंचायतीत असलेलं कोणी इथे वाचत असेल तर त्यांनी नक्कीच, कारण तेव्हाचे कागद मला पाहायचे आहेत.