डहाणूची बँक गॅरंटी

"कायदे चांगलेच आहेत हो आपले, अंमलबजावणी होत नाही." प्रदूषणाचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी हे म्हणतंच आणि बाकीचे माना डोलावतात. मला आताशा या वाक्याचा राग येतो. अंमलबजावणी म्हणजे काही पाऊस नव्हे, की यंदा नाही पडला, बघू पुढच्या वर्षी. ती कायद्यातच लिहावी लागते. कोण तपासणार, कुठे बसून तपासणार, ऐकलं नाही तर कुणाच्या खिशात कधी हात घालणार, हे त्यात नसेल तर तो कायदा चांगला नाहीच. उगाच त्याला चांगलं म्हणून अधिकाऱ्यांच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

हे डोक्यात घोळतंय ते ११ जुलै २०२५ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेपासून. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांच्या धुरातून गंधक काढून टाकणारी यंत्रणा असते, एफजीडी म्हणतात तिला. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने सल्फर डायऑक्साइडची, म्हणजे गंधक जळून होणाऱ्या वायूची, मर्यादा ठरवली, तेव्हा मुदत दिली दोन वर्षांची. मग ती वाढली. परत वाढली. मध्ये एकदा उशिराबद्दल दर युनिटमागे काही पैसे भरपाई घ्यायचंही ठरलं, पण ती लागू व्हायची वेळ आली की मुदत पुढे सरकायची. शेवटी २०२५ मध्ये देशातल्या सुमारे ७८ टक्के केंद्रांना सांगून टाकलं की तुम्हाला याची गरजच नाही, चिमणी उंच ठेवा म्हणजे झालं. दहा वर्षं जे करा म्हणत होतो ते करायचंच नव्हतं, असं एका कागदावर ठरलं.

आता याच्या शेजारी डहाणू ठेवून बघा.

मी मुंबईच्या उपनगरात राहतो आणि डहाणूच्या औष्णिक केंद्राची वीज याच उपनगरांसाठी येते. म्हणजे ही पोस्ट मी टाईप करतोय त्या विजेत डहाणूचा वाटा आहे. केंद्र फार मोठं नाही, २५० मेगावॅटचे दोन संच, एकूण ५००. डहाणूच्या खाडीला लागून आहे, आणि आजूबाजूला चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वाड्या त्याच्या कितीतरी आधीच्या. त्या वाड्या बऱ्याचशा इराणी-पारशी बागायतदारांच्या आणि त्यात राबणारे हात बहुतेक वारल्यांचे, हेही सांगून ठेवतो, नाहीतर डहाणूचं चित्र फार गोड होतं. चिकूच्या झाडाला फुलं-फळं जवळपास वर्षभर असतात. राख आणि आम्लधर्मी वायू पानाफुलांवर बसायला लागला तर त्यातून सुटणारा मोसमच नाही. बागायतदार घाबरले ते उगाच नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हे केंद्र मंजूर झालं तेव्हाच एफजीडीची अट होती. डहाणूचे लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९१ मध्ये न्यायालयाने केंद्र थांबवलं नाही, पण एफजीडीची अट सहजासहजी सैल करू नका असं बजावलं. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. तालुक्यात उद्योगांना एकूण ५०० एकरांची मर्यादा, भोवती २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा. कागद उत्तम होता. वीज केंद्र नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुरूही झालं. एफजीडी मात्र नव्हतं.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याची असू शकते. वेगळेपण पुढे आहे. पर्यावरण कार्यकर्ते बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं की डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा आणि अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असू द्या. डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण तयार झालं. अध्यक्ष झाले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. जानेवारी २०१९ मध्ये ते गेले, तोवर तेच अध्यक्ष होते. म्हणजे बावीस वर्षं एक तालुका, एक प्राधिकरण आणि एक अध्यक्ष. या काळात मंत्री आले गेले, कंपनी बीएसईएसची रिलायन्स झाली, २०१८ मध्ये अदानींकडे गेली. फाईल मात्र पहिल्या पानापासून पाठ असलेला माणूस तिथेच बसून होता.

प्राधिकरणाने १९९९ मध्ये कंपनीला सांगितलं, एफजीडी बसवा. कंपनीचं म्हणणं, आमच्या कोळशात गंधक कमी आहे, गरज नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.) तारखा पडत राहिल्या. २००५ मध्ये प्राधिकरणाने कंपनीला ३०० कोटी रुपयांची बँक गॅरंटी द्यायला सांगितली, म्हणजे अट पाळली नाही तर तेवढे पैसे बँक भरेल अशी हमी. २००७ मध्ये एफजीडी सुरू झालं.

बँक गॅरंटीने असं काय होतं? दंड हा नेहमी नंतर येतो. आधी गुन्हा सिद्ध करा, मग अपील, मग स्थगिती, मग तारीख, आणि कंपनीच्या वकिलांचा खर्च दंडापेक्षा जास्त. गॅरंटीत क्रमच उलटा होतो. पैसे आधीच अडकलेले. बँक त्यावर कमिशन घेते, आणि वर्षाच्या ताळेबंदात ती ओळ दिसत राहते. मग पर्यावरण विभागाच्या कोपऱ्यातल्या माणसाला 'त्या एफजीडीचं काय झालं?' असं विचारायला वरचे साहेब स्वतः येतात. उशीर करणं महाग पडायला लागतं. माझ्या मते एफजीडीच्या आख्ख्या लढाईत कामाची कलाटणी हीच होती. निसर्गप्रेम वगैरे ठीक आहे, पण कंपनी हलते ती हिशेबाने.

डहाणूचं एफजीडी समुद्राच्या पाण्यावर चालतं. समुद्राचं पाणी मुळात थोडं अल्कधर्मी असतं. धूर त्या पाण्याच्या फवाऱ्यातून नेला की सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, मग पाण्यात भरपूर हवा खेळवतात आणि ते परत समुद्रात सोडतात. चुनखडी लागत नाही, जिप्समचे ढीग होत नाहीत. परत जाणाऱ्या पाण्याबद्दल मच्छीमारांनी प्रश्न विचारले तर ते रास्तच आहेत, कुठलीही यंत्रणा फुकटात साफ नसते. पण 'भारतात हे शक्यच नाही' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की मुंबईहून तीन तासांच्या आत, २००७ पासून शक्य आहे.

आता २०२५ ची सूट देताना सरकारने काय म्हटलं? भारतीय कोळशात गंधक कमी असतं. ऐकल्यासारखं वाटतंय ना? शिवाय हवेतला सल्फर डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी मर्यादेत आहे, आणि एफजीडी चालवायला जादा वीज आणि चुनखडी लागते, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वाढतो, म्हणजे हवामान बदलाला उलट हातभार. नीरी (पर्यावरण संशोधनाची सरकारी संस्था) आणि आयआयटी दिल्लीसारख्या संस्थांच्या अभ्यासांचा आधारही आहे. हे मुद्दे मी हसण्यावारी नेत नाही. कार्बनचा मुद्दा रसायनशास्त्राच्या पुस्तकात बसतो, चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघतोच.

पण दोन गोष्टी खटकतात. एक, सल्फर डायऑक्साइड वायू म्हणून मोजला तर कमी दिसतो, कारण तो वायू म्हणून राहत नाही. हवेत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, पीएम २.५ मध्ये, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म धुळीत, जमा होतात आणि शेकडो किलोमीटर जातात. सूट देताना निकष लावला तो दहा किलोमीटरचा. दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असाल तर एफजीडी लावा. अति प्रदूषित क्षेत्र किंवा हवेचे मानक न पाळणाऱ्या शहराच्या तेवढ्याच अंतरात असाल तर समिती ठरवेल. त्याबाहेर असाल तर सुटलात. चंद्रपूर या मधल्या, 'समिती ठरवेल' गटात बसेल. २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात देशात चौथा नंबर होता चंद्रपूरचा. तिथल्या माणसाने आता कुठल्याशा समितीच्या बैठकीकडे डोळे लावायचे.

दुसरी गोष्ट जास्त खटकते. कार्बनची एवढीच काळजी असेल तर ती इतर ठिकाणीही दिसायला हवी. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा बदलला, २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना आली. उद्योगांना उत्सर्जनाची लक्ष्यं दिली जातायत, सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद वगैरे. आणि ज्या कोळशाच्या विजेतून आपला सर्वात मोठा कार्बन निघतो, ते औष्णिक केंद्र या यादीत नाही! म्हणजे गंधक काढा म्हटलं की कार्बन आठवतो, आणि कार्बन मोजा म्हटलं की विजेची गरज आठवते. चिमणी तीच.

चीनने हा गुंता सोडवला तो साध्या हिशेबाने. एफजीडी असलेल्या केंद्राच्या विजेला युनिटमागे थोडा जास्त भाव दिला आणि यंत्र बंद ठेवून नुसती वीज विकताना सापडलात तर तो भाव परत काढून घेतला, वर दंड. तिथली राज्यव्यवस्था आपल्याला नको आहे, पण ही युक्ती उचलायला कुणाची हरकत असावी?

आपण नेमके उलट दिशेने गेलो. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा भोपाळनंतर आला, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती किंवा एक लाख दंड. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैद काढली आणि दहा हजार ते पंधरा लाख दंड ठेवला, उल्लंघन चालू राहिलं तर रोजचे दहा हजार. जुनी कैद कागदावरच होती, त्यामुळे तिच्यासाठी मी अश्रू ढाळणार नाही. पण हिशेब करून बघा. रोजचे दहा हजार म्हणजे वर्षाला साडेछत्तीस लाख. शेकडो कोटींचं यंत्र टाळण्यासाठी ही रक्कम म्हणजे भाडं झालं. डहाणूत तीनशे कोटी अडकवल्यावर हालचाल झाली, हे माहीत असताना देशाने पंधरा लाखांची कमाल रक्कम निवडली.

न्यायालयांकडून आशा ठेवावी का? थोडी. मार्च २०२४ मध्ये माळढोकाच्या प्रकरणात (आपल्या सोलापूरच्या नान्नजचाच पक्षी, खटला मात्र राजस्थान-गुजरातच्या वीजतारांचा) सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये आहे असं म्हटलं. मोठी गोष्ट आहे. गंमत म्हणजे त्याच निकालात माळढोकासाठी तारा जमिनीखाली नेण्याचा आधीचा आदेश सैल केला, कारण सौरऊर्जा अडत होती. मे २०२५ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने 'आधी बांधा, मग पर्यावरण मंजुरी घ्या' ही पद्धत रद्द केली. नोव्हेंबरात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला. हक्क मोठ्या अक्षरात आणि सवलत सहा महिन्यांत, असं चाललंय.

मला त्यापेक्षा ऑगस्ट २०२५ चा एक कमी गाजलेला निकाल महत्त्वाचा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रदूषण नियंत्रण मंडळं जल आणि वायू कायद्यांखाली नुकसानभरपाई वसूल करू शकतात आणि नुकसान व्हायच्या आधी बँक गॅरंटीही मागू शकतात. डहाणूच्या प्राधिकरणाने जे हत्यार वापरलं ते आता राज्याराज्यातल्या मंडळांच्या हातात आहे. वापरलं तर.

आणि डहाणूचं पुढे काय झालं, ते सांगितल्याशिवाय ही पोस्ट प्रामाणिक होणार नाही. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने डहाणू तालुक्यातल्या वाढवणला बंदर नाकारलं होतं. धर्माधिकारी गेल्यानंतर प्राधिकरणाची पुनर्रचना झाली आणि जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने त्याच वाढवणच्या बंदराला ना-हरकत दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये ७६ हजार कोटींच्या या बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरचे मच्छीमार आजही विरोधात आहेत. आताचं बंदर समुद्रात भराव घालून होणार, तेव्हाचा प्रस्ताव वेगळा, हे मान्य. पण माणूस बदलला की निर्णय बदलतो, ही शंका डहाणूत कुणाच्या मनातून जाणार आहे?

म्हणून 'धर्माधिकारींसारखी माणसं हवीत' हा निष्कर्षही मला पुरेसा वाटत नाही. तशी माणसं मिळतील तेव्हा मिळतील. अध्यक्षाची मुदत पक्की हवी, नेमणूक ज्याचा प्रकल्प आहे त्याच सरकारच्या हातात नको, सुनावणी त्या तालुक्यात आणि मराठीत हवी. जनसुनावणीत इंग्रजी अहवालाचे जाडजूड खंड आणि मराठीत नुसता सारांश, असं असताना कोळी बाईने नेमकी कशावर हरकत घ्यायची? आणि गॅरंटीची रक्कम यंत्राच्या किमतीच्या प्रमाणात हवी, अधिकाऱ्याच्या मर्जीप्रमाणे नको.

तोवर एक काम आपल्यालाही करता येतं. तुमच्या भागात कारखाना, साखर कारखाना, वीज केंद्र काहीही असेल, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर त्याचं संमतीपत्र, म्हणजे मंडळाची परवानगी, शोधा. पहिली पानं वाचून कंटाळू नका, शेवटी परिशिष्टं असतात, त्यात बँक गॅरंटीचा तक्ता असतो. कुठल्या अटीसाठी किती रक्कम आणि कुठल्या तारखेपर्यंत, सगळं छापलेलं असतं. बहुतेकदा आकडा काही लाखांचा निघेल. मग माहिती अधिकारात एकच प्रश्न टाका: यातली किती रक्कम आजवर जप्त केली? उत्तर आलं तर खाली कमेंटमध्ये टाका. मी आमच्या भागातल्या दोन कारखान्यांचे अर्ज टाकलेत.