स्वतःचं मत पाठ करून या म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. कंटाळा आला तर पुढे सरका, राग नाही.

संध्याकाळी बिल्डिंगमधली एक पोरगी इंग्रजीची वही घेऊन आली (नाव लिहीत नाही, तिची आई फेसबुकवर आहे). दहावी, मराठी मीडियम. उत्तराखाली लाल पेनाने शेरा, 'नोट्सप्रमाणे लिहावे', आणि दोनपैकी अर्धा मार्क.

ज्यांच्या घरात दहावीचं पोर नाही त्यांच्यासाठी सांगते. बोर्डाची इंग्रजीची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिकाच, ८० मार्कांची. उतारा देतात आणि खाली ए-वन ते ए-फाइव्ह, प्रत्येकी २ मार्कांच्या कृती. आधी उताऱ्यातली माहिती शोधा, मग शब्द, मग व्याकरण. शेवटची ए-फाइव्ह म्हणजे पर्सनल रिस्पॉन्स. उताऱ्यात न सापडणारं, तुझं तू सांग.

प्रश्न होता, घरकामात तू काय मदत करतेस? हिने लिहिलं, आय गेट अप ॲट फाइव्ह. वॉटर कम ओन्ली वन अवर. आय फिल ऑल ड्रम. देन आय मेक टी फॉर ग्रँडमदर.

आणि नोट्समधलं उत्तर? मी बागेतल्या झाडांना पाणी घालते आणि रविवारी बाबांना गाडी धुवायला मदत करते. बाग! विक्रोळीच्या कन्नमवार नगरात! अख्ख्या वर्गाने तेच लिहिलंय आणि अख्ख्या वर्गाला दोनपैकी दोन. म्हणजे विक्रोळीत एवढ्या बागा आहेत आणि आम्हालाच पत्ता नाही.

मान्य, 'कम'ला आणि 'ड्रम'ला एस नाही. हेही मान्य की एकेका वर्गात पोरं खच्चून भरलेली असतात आणि सरांच्या मागे निवडणुकीची ड्युटी लागते ती वेगळीच. पण एस नाही म्हणून एक वेळ अर्धा मार्क कापा ना. दीड मार्क कशाचा कापलात? बाग नसल्याचा?

मी शिक्षिका नाही. बँकेत कारकुनी करते, लोकलमधून चेंगरून घरी येते, कुकर लावते, आणि मग बिल्डिंगमधली पोरं वह्या घेऊन हॉलमध्ये पसरतात. इतकी पोरं बघून एक गोष्ट कळलीय. त्यांना उतारा वाचायला कुणी शिकवलेलंच नाही, शोधायला शिकवलंय. प्रश्नात 'फार्मर' आणि 'बुलक' दिसलं की उताऱ्यात 'फार्मर' आणि 'बुलक' असलेली ओळ हुडकायची आणि या पूर्णविरामापासून त्या पूर्णविरामापर्यंत उतरवून काढायची. शेतकऱ्याने बैल का विकला, हे पोराला माहीतच नसतं. मार्क मात्र पूर्ण. समरी रायटिंगला ५ मार्क आहेत, तिथे तर पहिली ओळ, शेवटची ओळ आणि मधली कुठलीतरी एक, झालं सारांशलेखन.

म्हणून माझ्याकडे एकच नियम. उतारा दोनदा मोठ्याने वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि मला मराठीत सांगायचं काय झालं ते. लिहायचं नंतर. पहिले काही दिवस पोरं वैतागतात. मग एखाद्या संध्याकाळी कुणीतरी ओरडतं, "काकू, म्हणजे बैल त्यानेच विकला आणि आता तोच रडतोय?" हो रे बाबा, तोच रडतोय! त्या क्षणासाठी मी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरते, खरं सांगते.

काही मैत्रिणी म्हणतील, इंग्रजी शिकवताना मराठी कशाला, सवय लागते. असेल. पण जे मराठीतसुद्धा समजलं नाही ते इंग्रजीत काय डोंबल लिहिणार? २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पहिली ते दहावी, दहा वर्षं, आणि शेवटी हातात काय, तर बागेतली झाडं.

आता मोबाईल आलाय. उताऱ्याचा फोटो काढला की तो उत्तर देतो, एकही एस न चुकवता. परवा एका पोराच्या निबंधात 'फर्दरमोअर' सापडलं. म्हटलं, याचा अर्थ काय रे? तर म्हणे, मला काय माहीत, मोबाईलला विचारा. हसू आलं, पण मोबाईलवर तरी किती चिडायचं? गाईडं तेच करत होती, फक्त विकत मिळायची.

माझा खरा राग वेगळाच आहे. ती पोरगी वही मिटताना म्हणाली, "जाऊ दे काकू, पुढच्या वेळी बागच लिहिते." अगदी सहज म्हणाली. पहाटे उठून ड्रम भरणाऱ्या, आजीला चहा करून देणाऱ्या मुलीला आपण पटवून दिलं की तुझं घर उत्तरात चालत नाही. मी तिला म्हटलं, बोर्डाचा पेपर बाहेरचे लोक तपासतात, तिथे तुझंच लिही, फक्त 'वॉटर कम्स' आणि 'ड्रम्स' लिही. मग ते वाक्य आम्ही नीट केलं, आजीला चहा आवडतो की नाही हेही लिहिलं. आवडत नाही, साखर कमी असते म्हणून!

असो. ज्यांची मुलं कॉलेजात गेली त्यांच्या घरी साध्या इंग्रजीतली गोष्टींची पुस्तकं पडून असतील, ती मला द्या. दादर ते मुलुंड कुठल्याही स्टेशनवर येऊन घेईन. आणि घरी पोरं असतील तर 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत फुकट गोष्टी आहेत, सोप्यापासून अवघडपर्यंत. रात्री एक वाचून घ्या.

गाईडं मात्र पाठवू नका. घरात जागा नाही.