कॉलेजचा स्टार कोच म्हणून आपटतोच?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा (चेंडू हातात घेऊन धावण्याचा, फेकण्याचा अमेरिकन प्रकार) हंगाम संपून कोचच्या नेमणुका सुरू झाल्या की एक मजकूर नेमाने फिरू लागतो. 2025 च्या हंगामात माजी स्टार खेळाडू डीऑन सँडर्स कोच असलेला कोलोराडो विद्यापीठाचा संघ 12 पैकी 9 सामने हरला, तेव्हापासून त्याला जास्तच जोर आला आहे. मजकूर थोडक्यात असा: कॉलेजात गाजलेल्या खेळाडूला खेळ उपजत येतो, म्हणून तो दुसऱ्याला शिकवता येत नाही. खरे कोच बाकावर बसलेल्यांतून घडतात, म्हणून तर कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू आणि कोच अशा दोन्ही नात्यांनी फक्त चौघे आहेत. विद्यापीठं स्टारला निव्वळ नावावर नेमतात. आणि आपल्याच विद्यापीठात कोच म्हणून परतलेल्या हिरोचं तेच होतं, जे स्कॉट फ्रॉस्टचं नेब्रास्कात झालं.

यातली उदाहरणं बहुतेक खरी आहेत. त्यांतून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत. बाविसाव्या वर्षी खेळ संपलेला एखादा मुलगा पुढे काय करावं या विचारात असताना हा मजकूर वाचतो आणि आपल्याला शिकवणं जमणार नाही असं धरून चालतो. म्हणून उत्तर द्यायला हवं.

"उपजत खेळ शिकवता येत नाही"

स्टीव्ह स्परियरपासून सुरुवात करतो, कारण त्याच्याहून मोठा कॉलेज स्टार शोधणं कठीण आहे. 1966 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, म्हणून त्याने हाइजमन ट्रॉफी जिंकली. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हा मान. त्याच मोसमात ऑबर्नविरुद्ध 27-27 अशी बरोबरी असताना, शेवटच्या मिनिटांत नेहमीच्या किकरला थांबवून त्याने स्वतः 40 यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून लाथेने मारलेला, तीन गुणांचा) मारला आणि सामना काढला.

हाच माणूस 1990 मध्ये फ्लोरिडाला हेड कोच म्हणून परतला. साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी (फ्लोरिडा ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं तो), तेव्हा चेंडू घेऊन धावण्यावर आणि बचावावर भर देणाऱ्या संघांची होती. स्परियरने तिथे मनमोकळी पासिंग आणली. 1991 मध्ये फ्लोरिडाला पहिलं अधिकृत एसईसी विजेतेपद मिळालं आणि त्याच्या 12 मोसमांत अशी सहा विजेतेपदं आली. 122 विजय, 27 पराभव, एक बरोबरी. 1996 चा राष्ट्रीय किताबही त्यातलाच: अंतिम लढतीत फ्लोरिडा स्टेटला 52-20 असं हरवून. त्याच मोसमात त्याचा क्वार्टरबॅक डॅनी वर्फेल हाइजमन जिंकला. हाइजमन विजेत्याने हाइजमन विजेता घडवण्याची ती पहिलीच वेळ. शिकवता येत नाही म्हणणाऱ्यांनी हे कशात बसवायचं?

यावर "तो अपवाद" असं उत्तर येतं. म्हणून 1966 आणि 1990 यांच्या मधल्या वर्षांकडे बघायला हवं, मजकूर तिकडे फिरकतच नाही. एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सनी त्याला 1967 च्या ड्राफ्टच्या (संघांनी कॉलेज खेळाडू निवडून घेण्याच्या) पहिल्याच फेरीत घेतलं. तिथे जॉन ब्रॉडी पक्का क्वार्टरबॅक होता. स्परियर नऊ मोसम तिथे होता, त्यातला बराच काळ राखीव क्वार्टरबॅक आणि पंटर (चेंडू लाथेने दूर धाडणारा) म्हणून. 1976 मध्ये तो टँपा बेच्या नव्या संघात गेला, आणि तो संघ मोसमातले चौदाच्या चौदा सामने हरला. पुढे 1978 मध्ये फ्लोरिडात सहायक, मग जॉर्जिया टेक, मग ड्यूकमध्ये आक्रमणाची जबाबदारी, मग यूएसएफएल या नव्या लीगमध्ये टँपा बे बँडिट्सचा हेड कोच, मग पुन्हा ड्यूक, यावेळी हेड कोच. फुटबॉलमध्ये कित्येक वर्षं दबदबा न उरलेल्या ड्यूकला त्याने 1989 मध्ये एसीसी या त्यांच्या कॉन्फरन्सचं संयुक्त विजेतेपद मिळवून दिलं. त्यानंतर कुठे फ्लोरिडा.

"स्टार" आणि "बाकावरचा" अशा दोन जाती मजकुराने मानल्या आहेत. कॉलेज फुटबॉलमध्ये हा बहुतेकदा एकच माणूस असतो, एक विसाव्या वर्षीचा आणि दुसरा पंचविसाव्या. एनएफएलमध्ये संघ 32, आणि दरवर्षी शेकडो विद्यापीठांतून आपापल्या गावचे हिरो बाहेर पडतात. त्यातले बहुतेक तिथे पोचत नाहीत, पोचलेल्यांतले कित्येक बाकावर बसतात. उपजत खेळणारा तिथे पहिल्यांदा बाजूला उभा राहून दुसऱ्याचा खेळ वाचायला शिकतो.

स्परियर पुढे एनएफएलमध्ये वॉशिंग्टनचा कोच म्हणून फसला, दोन मोसमांत 12 विजय आणि 20 पराभव. हे लपवायचं कारण नाही. पण तो फसला तो व्यावसायिक संघांच्या जगात. कॉलेजात परतल्यावर साउथ कॅरोलायनाने त्याच्या हाताखाली 2011 ते 2013 असे सलग तीन मोसम प्रत्येकी 11 सामने जिंकले.

"हॉल ऑफ फेममध्ये फक्त चौघे"

चौघे खरेच: एमॉस अलोंझो स्टॅग, बॉबी डॉड, बोडेन वायट आणि स्परियर. पण या आकड्यावरून क्षमता सिद्ध होत नाही. एका कॉलेज संघात अनेक वर्षं 85 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्या 85 मध्ये स्टार एखाददुसरा. मग सामान्य खेळाडूंतून जास्त कोच निघणार, हे गणितातच आहे. शिवाय हॉलमध्ये कोच म्हणून जायला किमान 10 वर्षं हेड कोच असणं, 100 सामने आणि साधारण 60 टक्के विजय, असे निकष राहिले आहेत. जो स्टार एनएफएलमध्ये दहा वर्षं खेळून पैसा कमावतो, त्याने पस्तिशीनंतर ग्रॅज्युएट असिस्टंटच्या, म्हणजे सर्वात खालच्या सहायकाच्या, तुटपुंज्या पगारावर रात्र रात्र सामन्यांची फिल्म कापत बसावं, अशी परिस्थितीच येत नाही. शिकवता न येणं वेगळं, त्या वाटेला न जाणं वेगळं.

आणि काहींना ती वाट मिळालीच नाही. याबद्दल मजकुरात अवाक्षर नाही, आणि मला सर्वात जास्त खटकतं ते हेच.

अलाबामाच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला 1971 मध्ये. त्याच पहिल्या काही वर्षांत तिथे आलेला सिल्व्हेस्टर क्रूम 1974 मध्ये ऑल-अमेरिकन (देशातल्या सर्वोत्तम संघात निवड) सेंटर झाला, तिथला नामवंत कोच बेअर ब्रायंटच्या संघात. खेळ संपल्यावर तो ब्रायंटच्याच हाताखाली सहायक झाला, नंतर अनेक वर्षं एनएफएलमध्ये सहायक राहिला. अनुभव, शिस्त, नाव, अलाबामाचं नातं, सगळं होतं. 2003 मध्ये अलाबामाची जागा रिकामी झाली तेव्हा त्याची मुलाखतही झाली. नेमणूक झाली माइक शुला या दुसऱ्या माजी खेळाडूची, क्रूमहून कितीतरी लहान. त्याच वर्षाअखेरीस मिसिसिपी स्टेटने क्रूमला घेतलं, आणि 2004 मध्ये तो एसईसीचा पहिला कृष्णवर्णीय फुटबॉल हेड कोच झाला. एसईसीची स्थापना 1932 ची. इतक्या दशकांत या कॉन्फरन्समध्ये किती कृष्णवर्णीय स्टार खेळले असतील, आणि त्यातल्या एकालाही संघ सोपवला गेला नव्हता!

क्रूमचा एकूण हिशेब 21 विजय, 38 पराभव असा आहे. त्याला विस्कटलेला संघ मिळाला होता. 2007 मध्ये त्याने आठ सामने जिंकले, त्यात अलाबामालाही हरवलं आणि लिबर्टी बोल हा हंगामानंतरचा सामनाही जिंकला. तो महान कोच होता असा माझा दावा नाही. ज्यांना पन्नाशीपर्यंत दारातच थांबवलं, त्यांना मोजणीत न धरता "स्टार कोच होत नाहीत" म्हणणं अन्यायाचं आहे, एवढंच सांगायचं आहे.

मजकुरात निक सेबन आणि माइक लीच या नामवंत कॉलेज कोचांचीही नावं येतात. लीच कॉलेज फुटबॉल कधी खेळलाच नाही, हे खरं. सेबन केंट स्टेटकडून बचावफळीत खेळला, स्टार नव्हता, आणि त्याने सात राष्ट्रीय किताब घेतले. मराठी गटांत त्यांच्या जोडीला आचरेकर सर येतात, ज्यांच्या नावावर एकच प्रथम श्रेणी सामना आहे. स्टार नसलेला माणूस थोर गुरू होतो, हे यातून नक्की कळतं. स्टार होऊ शकत नाही, हे कळत नाही.

"निव्वळ नावावर नेमणूक"

कर्बी स्मार्टकडे पाहा. जॉर्जियाचा सेफ्टी (बचावातला सर्वात मागचा खेळाडू), 1998 मध्ये एसईसीच्या सर्वोत्तम संघात निवड. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही. इंडियानापोलिस कोल्ट्सच्या सराव शिबिरातून बाहेर पडल्यावर जॉर्जियात कार्यालयीन मदतनीस, मग वाल्डोस्टा स्टेट नावाच्या छोट्या विद्यापीठात, मग फ्लोरिडा स्टेटमध्ये ग्रॅज्युएट असिस्टंट. पुढे सेबनच्या हाताखाली एलएसयू, मायामी आणि अलाबामा. जॉर्जियाने त्याला 2016 च्या मोसमापासून हेड कोच केलं. 1980 नंतरचा पहिला राष्ट्रीय किताब त्याने 2021 च्या मोसमात आणला, अलाबामालाच हरवून, आणि पुढच्या वर्षी दुसरा. यात नावाचा वाटा किती?

जिम हार्बॉ एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून खेळत असतानाच वेस्टर्न केंटकीत वडिलांच्या संघाला विनामोबदला मदत करायचा. हेड कोच म्हणून त्याचं पहिलं काम सॅन डिएगो विद्यापीठात होतं, जिथे फुटबॉलची शिष्यवृत्तीच नाही. ज्या मिशिगनकडून तो स्वतः खेळला, तिथे परतून त्याने त्या संघाला 2023 मध्ये 15-0 असा मोसम आणि राष्ट्रीय किताब दिला. त्या काळातल्या नियमभंगाच्या चौकशांचा डाग त्यावर आहे, पण नावावर बसलेल्या माणसाची ही वाट नव्हे.

नावावर नेमणुका होतातही. हाइजमन विजेता एडी जॉर्ज 2021 मध्ये टेनेसी स्टेटला आला तेव्हा त्याला कोचिंगचा अनुभव नव्हता. तरी 2024 मध्ये त्याने संघाला कॉन्फरन्सचं संयुक्त विजेतेपद आणि प्लेऑफ मिळवून दिली. आणि कॉलेज कोचचं निम्मं काम मुलं जमवण्याचं असल्याने नाव हेही तिथे कौशल्यच ठरतं. सँडर्स होता म्हणून ट्रॅव्हिस हंटरसारखा अव्वल मुलगा 2021 मध्ये फ्लोरिडा स्टेटला दिलेला शब्द मोडून, सँडर्स तेव्हा जिथे कोच होता त्या जॅक्सन स्टेटकडे वळला, आणि कोलोराडोकडून 2024 ची हाइजमन जिंकला. त्या वर्षी कोलोराडोने नऊ सामने जिंकले, सँडर्स येण्याआधीच्या वर्षी एक. पुढच्या वर्षीची घसरण या सगळ्यासकट मोजावी.

"फ्रॉस्टचं झालं तेच सगळ्यांचं"

नेब्रास्काचा क्वार्टरबॅक म्हणून स्कॉट फ्रॉस्टने 1997 चा राष्ट्रीय किताब जिंकला. 2018 मध्ये तो तिथे कोच म्हणून परतला आणि 16 विजय, 31 पराभव अशा नोंदीवर 2022 मध्ये त्याला काढलं. वाईट पडझड होती ती. पण त्याच्याच आधीच्या मोसमात, 2017 मध्ये, ऑरलँडोच्या यूसीएफ संघाबरोबर तो 13-0 होता. स्टार तो दोन्ही ठिकाणी सारखाच होता. स्टार असणं हेच अपयशाचं कारण असतं तर ऑरलँडोतही तो बुडाला असता. नेब्रास्कात तो सामन्यामागून सामना एका स्कोअरच्या आतल्या, म्हणजे फार तर आठ गुणांच्या, फरकाने हरला. चूक शोधायची तर तिथे शोधावी: किकिंगच्या संघात, शेवटच्या मिनिटांतल्या निर्णयांत, सहायकांच्या निवडीत. यूसीएफने तरी त्याच्या खेळण्याच्या दिवसांत कारण शोधलं नाही. 2024 च्या डिसेंबरात त्यांनी त्याला परत बोलावलं.