लेकुरवाळी मरळ आणि आपले शिकारी

सकाळी सकाळी आमच्या मासेमारीच्या ग्रुपवर फोटो. गोदावरीवरच्या नाथसागर धरणाच्या काठावर एक जण हातभर मरळ धरून हसतोय आणि शेजारी घमेल्यात लाल पिल्लं वळवळतायत. खाली अंगठ्यांची रांग. "एक नंबर भाऊ!" चहा कडू झाला माझा.

ज्यांनी कधी गळ धरला नाही त्यांना सांगतो. पावसाळ्यात मरळ काठच्या गवतात अंडी घालते. पिल्लं लालसर, शेकड्यांनी, गोळा करून फिरतात आणि हवा घ्यायला वर येतात. खाली आईबाप पहाऱ्यावर. मग आपला शूर शिकारी नेमकी त्या गोळ्यात गळाला लावलेली बेडकी टाकतो. मरळ धावते ती भुकेनं नाही, लेकरांवर काही चालून आलं म्हणून. अन् हे म्हणे कसब!

उन्हाळ्यात दाजींबरोबर हिमाचलात तीर्थन नदीवर गेलो होतो. गुशैणीच्या पुढं, फोनला रेंज नाही, तंबूबाहेर नदीचा नुसता गोंगाट. पाणी असं गार की पोटऱ्या बधिर. बऱ्याच वेळानं दाजींच्या गळाला ट्राउट लागला. दाजी लहान पोरासारखे ओरडले. सोबतच्या तिथल्या पोरानं हात ओला केला, मासा मोजला, "छोटी है साहब" म्हणाला आणि दिला सोडून. दाजींना फोटोसुद्धा काढता आला नाही. "अरे, लायसनचे पैसे भरलेत!" पोरगं ढिम्म.

आणि हा ट्राउट तिथला नाहीच! इंग्रजांनी हौसेसाठी आणलेला, 1909 साली कुल्लूकडं सोडलेला. तरी त्याच्या विणीसाठी तिथं 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत गळ बंद. पाहुण्या माशाला बाळंतपणाची रजा, आणि आपल्या गोदावरीच्या मरळीला घमेलं?

हो, त्या ट्राउटनं तिथले मूळचे मासे खाल्ले असतील, मान्य. आणि पोटासाठी जाळं टाकणाऱ्या आमच्या भोई बांधवांबद्दल मी एक शब्द बोलत नाहीये. त्यांच्याकडं पिढ्यांची समज आहे, तळं रिकामं झालं तर पहिली चूल त्यांचीच विझते. मी बोलतोय ते संभाजीनगरहून गाडीत कूलर टाकून येणाऱ्यांबद्दल. यांच्या घरी मासा नसला तर मटण असतं.

काही जण तर पाण्यात करंट सोडतात. सुरुंग आणि विष घालून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, पण धरणाच्या काठी कायदा वाचतो कोण? तीर्थनच्या त्या पोराच्या मागं तरी कुठं पोलीस उभा होता? दाजी त्याला वरून शंभर रुपये द्यायला निघाले होते. हसला नुसता.

जाऊ द्या, चिडून लिहितोय. ग्रुपवरचे बरेच जण चांगले आहेत, कुणी सांगितलंच नसेल त्यांना. समुद्रावर जून-जुलैत बोटी काठाला लागतात, तसं आपण हौशी लोकांनी पाऊसभर मरळीपासून लांब राहायचं. अगदीच हात शिवशिवले तर चिलापी (तिलापिया) पकडा. ती परदेशी, वर्षातून कितीदा तरी विणारी, पोतंभर नेली तरी मी चकार शब्द काढणार नाही. तळून बरी लागते. रश्श्यात घालू नका.