शिशाच्या शिपायांना सगळं काही होतं

धातूच्या जुन्या मिनिएचर, म्हणजे खेळण्यातले शिपाई, घोडेस्वार अशा छोट्या मूर्ती, जमवणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. थोडक्यात तो असा: जुन्या शिशाच्या शिपायांना काही होत नाही, मोडतं ते प्लॅस्टिक. अंगावर पांढरं दिसलं तर ती धूळ किंवा बुरशी असते, व्हिनेगरने धुऊन टाका. शिपाई चांगल्या लाकडी कपाटात दार घट्ट लावून ठेवा. एखादा सडलाच तर ताबडतोब फेका, नाहीतर रोग बाकीच्यांना लागेल. पाय वाकला असेल तर हाताने सरळ करा, शिसं मऊच असतं.

यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्यासारखा नाही. त्यातले दोन तर असे आहेत की ते पाळल्यामुळेच शिपाई जातो. शंभर वर्षं टिकलेली वस्तू चुकीच्या प्रेमापोटी दोन-चार वर्षांत संपताना मी पाहिली आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"काही होत नाही"

हातात जड लागतं म्हणून ते मजबूत वाटतं, सगळा गैरसमज इथूनच सुरू होतो. शिशाची घनता पाण्याच्या ११.३४ पट, म्हणजे लोखंडाच्या जवळजवळ दीडपट. पण ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. तापमान निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलं तर शिसं ६०० ला वितळतं आणि आपली खोली ३०० च्या आसपास असते. म्हणजे फळीवर उभा असलेला शिपाई वितळण्याच्या निम्म्या वाटेवर कायमच असतो. म्हणूनच शिसं स्वतःच्या वजनाने वर्षानुवर्षं हळूहळू ओघळतं. जुन्या चर्चच्या छपरांवरचे शिशाचे पत्रे असेच खाली सरकतात, सुरकुततात. मिनिएचरमध्ये कथील आणि अँटिमनी नावाचं मूलद्रव्य मिसळतात, त्यामुळे धातू कडक होतो आणि साच्यातले बारकावे नीट उतरतात. पण त्या कडकपणाबरोबर ठिसूळपणाही येतो.

शिवाय भरीव दिसणारा प्रत्येक शिपाई भरीव असतोच असं नाही. लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ पासून पोकळ ओतकामाचे शिपाई बाजारात आणले. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, कडेचा थर थिजला की आतला पातळ धातू लगेच परत बाहेर ओतायचा. उरतं ते नुसतं कवच. असा शिपाई पडला की मान आधी तुटते. तुटलेलं डोकं काडेपेटीची काडी आत खुपसून परत बसवायचं, ही त्या काळातल्या मुलांची युक्ती. आजही जुन्या शिपायांच्या मानेत अशी काडी सापडते. ज्यांना "काही होत नाही" म्हणतात, त्यांच्याच मानेत हा पुरावा आहे.

जुनं प्लॅस्टिक ठिसूळ होऊन मोडतं, हे मात्र खरं. पण त्याने धातू अमर ठरत नाही.

"पांढरं म्हणजे धूळ, व्हिनेगरने धुवा"

माझ्याकडे एक ढोलवाला होता. आधी त्याच्या पायाखालच्या पट्टीच्या कडेला पीठ सांडल्यासारखे ठिपके दिसले. मी ते बोटाने पुसले आणि विसरलो. पुढच्या वर्षी त्याच जागी पांढरा फुलोरा आला आणि रंग फुगून उचलला गेला. टाचणीने हलकेच टोकरलं तर पापुद्र्यामागे पापुद्रा निघत गेला. शेवटी टाचणी आरपार गेली. पट्टीत धातू उरलाच नव्हता, फक्त पट्टीचा आकार राहिला होता.

ही बुरशी नव्हे, हे शिशाचं कार्बोनेट. ॲसिटिक आम्लाची (व्हिनेगरमधलं आम्ल ते हेच) वाफ, थोडी दमट हवा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड एवढं पुरतं. आम्ल शिशाचं ॲसिटेट करतं, कार्बन डायऑक्साइड त्याचं कार्बोनेट करतो. या दुसऱ्या पायरीत आम्ल परत मोकळं होतं आणि पुढचं शिसं खायला लागतं. म्हणून अगदी थोडी वाफही वर्षानुवर्षं काम करत राहते. कार्बोनेट मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतं, त्यामुळे रंग आतून ढकलला जातो.

चित्रकारांचा सफेदा शतकानुशतकं नेमका असाच बनवला गेला. मातीच्या भांड्यात तळाशी व्हिनेगर, वर शिशाच्या गुंडाळ्या, भोवती उबेसाठी शेण. काही आठवड्यांत शिशाचा पांढरा चुरा व्हायचा. ज्या पदार्थाने माणसं मुद्दाम शिसं कुजवत आली, त्यानेच शिपाई धुवा असं हा मजकूर सांगतो! लिंबाचा रसही नको, तेही सेंद्रिय आम्लच.

मग करायचं काय? पूड विषारी आहे, म्हणून ती फुंकायची नाही, कोरड्या ब्रशने उडवायची नाही. हातमोजे घालून किंचित ओल्या कापडाने टिपायची, कापड टाकून द्यायचं, शिपाई पूर्ण कोरडा करायचा. हे काम लहान मुलांपासून लांब करायचं. गंज खोल गेला असेल तर घरी काही करू नका. जुन्या वस्तूंचं जतन करणारे जाणकार विद्युत रासायनिक पद्धतीने त्या कार्बोनेटचा काही भाग पुन्हा धातूत बदलू शकतात. आणि अंगावरचा काळपट करडा थर मात्र चकाकी आणण्यासाठी घासू नका. तो थर आतल्या शिशाचं रक्षण करत असतो.

"लाकडी कपाटात, दार घट्ट लावून"

माझा सगळ्यात जास्त राग या वाक्यावर आहे, कारण माझा ढोलवाला याच सल्ल्याने गेला. तो प्लायवूडच्या खणात, दिसायला अगदी सुरक्षित, बंद होता. त्याच संचातले त्याचे सोबती जागा पुरली नाही म्हणून काचेच्या फळीवर उघडेच राहिले होते. ते आजही ठणठणीत आहेत, फक्त थोडी धूळ बसते.

लाकडातून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या वाफा निघतात. ओक त्यात विशेष वाईट. प्लायवूड, एमडीएफ, नुकताच दिलेला रंग, सुतारकामाचा पांढरा डिंक, जोड भरायला वापरतात ते आंबट वासाचं सिलिकॉन, स्वस्त पुठ्ठा, हे सगळे त्याच रांगेतले. दार घट्ट असेल तितकी वाफ आत साठते. जर्मनीत ल्यूबेकच्या सेंट याकोबी चर्चमध्ये १७ व्या शतकातला स्टेलवागेन ऑर्गन आहे. त्याच्या शिशाच्या नळ्या का गंजताहेत याचा शोध घेतला, तेव्हा बोट ऑर्गनमधल्याच ओकच्या लाकडातून निघणाऱ्या ॲसिटिक आम्लाकडे गेलं. नळ्यांना बाहेरून कोणी काही केलं नव्हतं.

कपाट उघडल्याबरोबर नाकाला आंबटसर वास आला तर शिपाई त्याच दिवशी बाहेर काढा. काच, ॲक्रिलिक किंवा भट्टीत रंग भाजलेला पत्रा चालतो. हवा खेळू द्या, कोरडी ठेवा. मूळ खोका जपायचाच, पण शिपायाला त्यात झोपवून नाही. खोका वेगळा ठेवा.

वॉर्निश मारला की काम झालं, असंही काही जण पुढे जोडतात. वॉर्निशने वाफ उशिरा पोचते, थांबत नाही.

"एक सडला की सगळ्यांना लागण"

इथे तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. शिशाचा गंज एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. शेजारचाही पांढरा पडतो तो दोघं एकाच खणातली हवा घेतात म्हणून. खण बदला.

दुसरा कथलाचा रोग. शुद्ध कथील १३.२ अंशांखाली करड्या, भुसभुशीत रूपात जाऊ शकतं आणि सुमारे २७ टक्के फुगतं. करड्या कथलाचा कण लागला तर शेजारच्या कथलात बदल सुरू होऊ शकतो, म्हणजे लागण हा शब्द खरा लागू पडतो तो इथेच. पण त्यासाठी बराच काळ कडक थंडी लागते. शिसं किंवा अँटिमनी मिसळलेलं असेल तर हा बदल रोखला जातो. त्यामुळे मिनिएचरमध्ये "कथलाचा रोग" म्हणून दाखवलं जातं ते बहुतेक वेळा शिशाचं कार्बोनेटच असतं.

तिसरा जस्ताचा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या खेळण्यातल्या ओतीव गाड्या आणि आगगाड्यांमध्ये जस्त-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू असायचा. त्यात शिशाचा नगण्य अंश मिसळला गेला तरी तो कणांच्या सीमांवरून आतून कुरतडला जातो, फुगतो, तडकतो. हे टाळण्यासाठीच १९२९ च्या सुमारास ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरून केलेला झामॅक हा मिश्रधातू आला. तेच शिसं कथलाला वाचवतं आणि जस्ताला मारतं. जस्ताच्या या आजारावर इलाज नाही, पण तो पसरतही नाही. वस्तू फेकू नका. कोरड्या, स्थिर तापमानाच्या जागी ठेवा, तळाला धरून उचला आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

"वाकलेला पाय हाताने सरळ करा"

माझ्याकडे एक घोडेस्वार आहे. घोड्याचा पुढचा डावा पाय घोट्याशी आत वळलाय. भिंगातून पाहिलं तर वळणाच्या बाहेरच्या बाजूला केसाएवढी काळी रेघ दिसते, तिच्या दोन्ही कडांना तपकिरी रंगाचा कपचा सुटलेला आहे. ती रेघ म्हणजे तडा. अँटिमनी असलेला धातू एकदा वाकलाय, उलटा वाकवला की तडा पुढे सरकणार आणि खूर हातात येणार. रंग तर त्याआधीच गेलेला असेल.

मी त्याला हात लावलेला नाही. घोड्याच्या पोटाखाली ॲक्रिलिकची एक बुटकी टेकू दिली आहे, म्हणजे स्वाराचं वजन त्या पायावर येत नाही. पाय वाकडाच आहे. स्वार काचेच्या फळीवर, ढोलवाल्याच्या उरलेल्या सोबत्यांच्या शेजारी उभा आहे.